भिंतीवरच्या एसीची घरच्या घरी सफाई

भिंतीवर टांगलेला स्प्लिट एसी खोलीत बाहेरची ताजी हवा आणतो, हा समज चुकीचा आहे. खोलीतलीच हवा वरच्या बाजूने ओढायची, गार कॉइलवरून फिरवायची आणि खालच्या फटीतून पुन्हा खोलीत सोडायची, एवढेच काम त्याची आतली पेटी करते. दीड टनाच्या एसीतून तासाला साधारण ८०० ते १,००० घनमीटर हवा जाते. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत जेमतेम ४० घनमीटर हवा मावते. म्हणजे खोलीतली सगळी हवा तासाला वीस-पंचवीस वेळा एसीच्या पोटातून जाऊन येते, आणि गादीचा कापूस, केस, उदबत्तीची काजळी, फोडणीचा तेलकट धूर, रस्त्यावरची माती असे त्या हवेत जे काही तरंगत असेल ते दर फेरीला थोडे थोडे आत अडकत जाते.

हवेच्या वाटेवर पहिली लागते ती प्लॅस्टिकची जाळी, म्हणजे फिल्टर. तंतू, केस आणि जाडसर धूळ तिच्यावर थांबते. बारीक धूळ आरपार निघून जाते. जाळीमागे कॉइल असते. तांब्याच्या नळ्यांवर ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पट्ट्या शेकड्याने उभ्या बसवलेल्या असतात आणि दोन पट्ट्यांमधली फट मिलिमीटर-दीड मिलिमीटरचीच असते. कॉइल थंड असल्याने हवेतल्या वाफेचे तिच्यावर पाणी होते, ते खालच्या ट्रेमध्ये उतरते आणि ड्रेन पाइपातून घराबाहेर जाते. कॉइलच्या आतल्या अंगाला लांबट, आडवा ब्लोअर फिरतो. त्याच्या पात्यांना खोलगट वळण असते; त्या वळणात धुळीचा थर बसला की झोत मंदावतो. आडव्या ब्लोअरचा भिंतीवर बसणारा एसी मित्सुबिशी इलेक्ट्रिकने जपानमध्ये १९६८ साली बाजारात आणला. आजचे भिंतीवरचे एसी त्याच घडणीचे असल्यामुळे कंपनी कोणतीही असो, सफाईची रीत थोड्याफार फरकाने एकच राहते.

सफाईचे वेळापत्रक मात्र गावागणिक बदलते; इथे ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या हवेला धरून दिले आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याचा बहुतेक भाग पर्जन्यछायेत येतो आणि वर्षाची सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आतच राहते. अपवाद अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाचा; पण घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळतो तिथे एसीची गरजही कोणाला भासत नाही. बाकी जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारची हवा खणखणीत कोरडी असते. अशा हवेत पाण्यावरून आलेला वारा चांगला गार लागतो. नगर शहराजवळ तलावाच्या मधोमध बांधलेला निजामशाहीतला फराहबाग महाल याच कोरडेपणावर गार राही आणि आजच्या घरांतल्या वाळ्याच्या कूलरचा गारवाही त्यावरच चालतो.

एसीच्या सफाईशी या कोरडेपणाचा थेट संबंध आहे. चालू एसीच्या कॉइलचे तापमान साधारण ८ ते १२ अंश असते. मे महिन्याच्या दुपारी हवेत वाफच इतकी कमी असते की एवढ्या थंड कॉइलवरही फारसे पाणी जमत नाही. पाइपातून थेंब पडत नाही म्हणून गॅस संपल्याची शंका घेतली जाते, ती बहुतेकदा खोटी ठरते. या दिवसांत आत जाणारी धूळ सुकीच बसून राहते; वास येत नाही, पाणी गळत नाही, म्हणून एसी स्वच्छ आहे असे वाटते. मग रोहिण्या सरून मृग लागायच्या सुमारास हवा दमट होते. तोच एसी आता तासाला लिटर-दीड लिटर पाणी काढू लागतो आणि उन्हाळाभर साठलेल्या धुळीचा चिखल होतो. चिखल ट्रेमध्ये उतरतो, पाइप तुंबतो, पाणी भिंतीवरून ओघळते, ओल्या धुळीवर बुरशी धरते आणि खोलीत कुबट वास सुटतो. म्हणून नगरच्या हवेत उन्हाळा लागण्यापूर्वी करायच्या रूढ सर्व्हिसिंगपेक्षा मेअखेरची सफाई जास्त मोलाची आहे. बहुतेक घरांत नेमकी तीच राहून जाते.

धूळही जिल्ह्यात सगळीकडे सारखी नाही. पाथर्डी, कर्जत, जामखेड या बाजूला उन्हाळ्याच्या वावटळीबरोबर माती उडते. ती जड असते, जाळीवर पटकन दिसते आणि पाण्याने धुतली की निघून जाते. शेवगाव-पाथर्डी पट्ट्यात कापसाच्या हंगामात हवेत तंतू असतात, आणि तंतूंनी जाळी धुळीपेक्षा लवकर बंद होते. महामार्गालगतच्या घरांत डिझेलचा काळा धूर मिसळतो. उसाच्या पट्ट्याची गोष्ट निराळी. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीने मूळ धरले आणि पुढे संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासे या भागांत कारखाने पसरत गेले. गाळप हंगामात, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, चिमणीतून आलेली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडांची, राख आणि शेतात पेटवलेल्या पाचटाची काजळी गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि एसीच्या बाहेरच्या युनिटवर उतरते. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असते, तिचे कण खरखरीत असतात. त्यामुळे कारखान्याच्या आसपासच्या घरांत कॉइल कोरड्या फडक्याने घासली तर पट्ट्यांवरच्या निळ्या किंवा सोनेरी लेपावर ओरखडे उठतात. आधी ब्रशने राख हलकेच झाडावी, मग पाणी मारावे.

सफाईची पहिली पायरी विजेची आहे. रिमोटने एसी बंद केला तरी आतल्या सर्किटला वीज मिळतच असते. रिमोटचा इशारा ओळखण्यासाठी ते जागे राहते. म्हणून भिंतीवरचा स्विच, स्टॅबिलायझर आणि एसीचा स्वतंत्र एमसीबी, तिन्ही बंद करावेत. नगरच्या एमआयडीसीत वर्षानुवर्षे स्विचगिअर तयार होते, तरी कोणता एमसीबी कशाचा हे घरातल्या कोणालाच ठाऊक नाही अशी घरे याच शहरात भरपूर सापडतील. एमसीबी खाली पाडून एसीचा दिवा गेल्याची खात्री करावी आणि एमसीबीवर कागदाची चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे काम चालू असताना दुसरे कोणी तो वर करणार नाही. बाहेरच्या युनिटचे झाकण घरी उघडूच नये. इन्व्हर्टर एसीच्या सर्किटमधले कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही काळ जीवघेण्या व्होल्टेजने भरलेले असतात.

उभे राहायला घोडा किंवा मजबूत शिडी घ्यावी, प्लॅस्टिकची खुर्ची नको. एसीखालची गादी, टीव्ही, इन्व्हर्टरची बॅटरी बाजूला सरकवून जमिनीवर जुनी चादर अंथरावी.

जाळी काढणे सगळ्यांत सोपे. पुढचे झाकण दोन्ही कडांना धरून वर उचलले की ते अडकून उभे राहते. जाळी खालच्या टोकाला जरा वर दाबून पुढे ओढली की निघते. ती नळाखाली धरताना धुळीची बाजू खाली आणि पाण्याची धार उलट बाजूने, इतके सांभाळले की धूळ जशी आली तशी बाहेर पडते; धुळीच्याच बाजूने धार सोडली तर ती छिद्रांत आणखी घट्ट बसते. तेलकटपणा असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे थेंब टाकून जाळी दहा मिनिटे बुडवून ठेवावी. कडकडीत पाण्याने आणि नगरच्या उन्हाने प्लॅस्टिकची चौकट वाकते, म्हणून वाळवणे सावलीतच. काही एसींत मोठ्या जाळीवर काळ्या किंवा रंगीत पट्टीचा छोटा फिल्टर बसवलेला असतो. तो पाण्यात घालण्यापूर्वी एसीसोबत आलेले पुस्तक पाहावे; कोळशाचे फिल्टर धुतले की निकामी होतात.

एसी रोज चालत असेल तर जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी. वावटळीच्या दिवसांत आठवड्याने धुतली तरी जास्त होत नाही. तुंबलेली जाळी बदलल्याने वा धुतल्याने एसीची वीज ५ ते १५ टक्क्यांनी वाचते असा अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा अंदाज आहे. घरगुती सफाईत इतक्या कमी कष्टांत इतका फायदा देणारे दुसरे काम नाही.

कॉइलला हात लावताना दोन गोष्टींचे भान हवे. पट्ट्यांच्या कडा धारदार असतात आणि बोट कापते. आणि पट्ट्या इतक्या मऊ असतात की बोटाच्या दाबानेही दुमडतात. दुमडलेल्या जागेतून हवा जात नाही. रंगकामाचा मऊ, रुंद ब्रश घेऊन वरून खाली, पट्ट्यांच्याच दिशेने फिरवावा. आडवा फिरवू नये. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचे ब्रशचे तोंड न दाबता, नुसते टेकवून वापरावे. सुकी धूळ निघाल्यावर पाण्याची पाळी येते. समोरून पाहताना एसीच्या एका अंगाला, बहुधा उजवीकडे, झाकणाखाली सर्किट आणि तारांचे जोड असतात. ती बाजू प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि त्या दिशेला फवारा अजिबात मारू नये. मग हाताच्या छोट्या फवारणी बाटलीने वरून खाली पाणी मारत यावे. आधी साधे पाणी, मळ चिकट असेल तर साबणाचे अगदी पातळ पाणी किंवा दुकानात मिळणारा कॉइल क्लीनर, दहा मिनिटांची उसंत, आणि पुन्हा साधे पाणी. गढूळ पाणी कॉइलवरून ट्रेमध्ये आणि तिथून पाइपाने बाहेर जाते. पाइपाच्या टोकाशी बादली ठेवली तर किती मळ निघाला ते दिसते आणि पाणी कधी नितळ झाले तेही कळते.

शेतकरी घरात फवारणीचा पंप हाताशीच असतो आणि त्याचा दाब या कामाला सोयीचा वाटतो. पण कीटकनाशकाला किंवा तणनाशकाला वापरलेला पंप कितीही विसळला तरी टाकीत, नळीत आणि नोझलमध्ये औषधाचा अंश उरतो. तो कॉइलवर बसला तर पुढचे कित्येक दिवस बंद खोलीत श्वासातून जात राहील. एसीसाठी दोन लिटरचा कोरा पंप वेगळा ठेवावा. गाड्या धुण्याच्या जोरकस पंपाची धार तर कॉइलवर नकोच. पट्ट्या एका क्षणात आडव्या होतात.

पाणी कोणते, हा प्रश्नही जिल्ह्यात महत्त्वाचा आहे. अनेक गावांत बोअरचे पाणी जड असते आणि कालव्याखालच्या क्षारपड पट्ट्यात तर ते आणखी खारवट होते. असे पाणी कॉइलवर वाळले की पांढरा थर मागे राहतो आणि दर सफाईला वाढत जातो. नळाचे पाणी गोडे असेल तर तेच वापरावे. नसेल तर शेवटचा हात तरी गोड्या पाण्याने फिरवावा. वाचवून ठेवलेले आरओचे टाकाऊ पाणी या कामाला सगळ्यांत वाईट, कारण मूळ पाण्यातले क्षार त्याच्यातच एकवटलेले असतात. याउलट एसीच्या पाइपातून निथळलेले पाणी हवेतल्या वाफेचे असल्याने जवळजवळ क्षारमुक्त असते. पावसाळ्यात ते फडक्यातून गाळून साठवले तर कॉइल विसळायला उत्तम. पिण्यासाठी मात्र ते वापरू नये.

रसायनांबाबत घरगुती सल्ल्यांचा सुळसुळाट आहे आणि त्यांतले बरेच कॉइलच्या मुळावर येणारे आहेत. ॲल्युमिनियमला आम्लही खाते आणि तीव्र अल्कही खाते. संडास धुण्याचे ॲसिड, धुण्याचा सोडा, कॉस्टिक यांनी कॉइल क्षणभर चकचकीत दिसते, कारण वरचा लेप आणि धातूचा थर विरघळून गेलेला असतो. ब्लीचिंगने तांबे आणि ॲल्युमिनियम दोन्ही गंजतात. शिवाय ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, जो बंद खोलीत घातक ठरतो. व्हिनेगर निरुपद्रवी वाटते, पण त्यातल्या ॲसेटिक आम्लाची वाफ आणि ओल यांमुळे तांब्याच्या नळीला मुंग्यांच्या बिळांसारखी सूक्ष्म, वेडीवाकडी छिद्रे पडू शकतात आणि त्यांतून हळूहळू गॅस गळतो. साबणाचे पातळ पाणी आणि धीर, एवढ्यावर घरातल्या बहुतेक एसींचे भागते.

ब्लोअर पाहायचा तर हवा सुटण्याच्या फटीतून बॅटरीचा झोत आत टाकावा. पात्यांवर काळपट, खवलेदार थर दिसला किंवा गादीवर काळे कण पडत असतील तर तो धुण्याची वेळ झालेली असते. स्विंगच्या पट्ट्या हाताने जबरदस्तीने फिरवू नयेत. त्यांच्या टोकाला छोट्या मोटरचे नाजूक दाते असतात. वीज तोडण्यापूर्वी रिमोटने त्या पूर्ण उघड्या ठेवल्या तर हात घालायला जागा मिळते. मग जुना टूथब्रश ओलसर करून एकेक पाते आतल्या वळणापर्यंत पुसत, ब्लोअर बोटाने थोडा थोडा फिरवत जावे. काम वेळखाऊ आहे. घाईत एखादे पाते मोडले तर ब्लोअरचा तोल जातो आणि एसी धडधडू लागतो. ब्लोअरवर पाणी मारायचे असेल तर एसीभोवती बांधायची, खाली नळी असलेली प्लॅस्टिकची झोळी लागते, नाहीतर काळे पाणी सगळ्या भिंतीभर उडते. झोळी नसेल आणि थर जाड असेल तर हे एक काम मेकॅनिककडे सोपवणेच शहाणपणाचे.

आता ट्रे आणि ड्रेन पाइप. ट्रेमध्ये तळाला बुळबुळीत, जेलीसारखा गाळ साचतो. तो धूळ आणि जिवाणूंचा मिळून झालेला असतो आणि पाइप तोच तुंबवतो. ट्रेमध्ये मगभर पाणी हळूहळू ओतून पाहावे. पाइपाच्या बाहेरच्या टोकाला ते मोकळेपणी यायला हवे. अडखळत येत असेल तर बाहेरच्या टोकातून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने हवा न मारता, ओले ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने गाळ बाहेर ओढावा. हवा मारली की गाळ उलटा ट्रेमध्ये आणि तिथून भिंतीवर येतो. पाइपाला सगळीकडे खाली उतार हवा. मध्येच झोळ पडला असेल किंवा टोक बादलीतल्या पाण्यात बुडाले असेल तर पाणी अडते. कुंभारमाशी हा आणखी एक स्थानिक शत्रू. हिवाळ्यात एसी बंद असताना ती पाइपाच्या कोरड्या तोंडात मातीचे घर बांधते आणि जूनमध्ये पहिल्याच दमट रात्री घरात पाणी गळते. पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बांधला की ही वाट बंद होते; मात्र त्या जाळीवरही शेवाळ साचते, तेव्हा ती अधूनमधून पाहावी लागते. आतल्या पेटीत पालींचा मुक्काम असतो. त्यांची विष्ठा, अंडी आणि कधी सर्किटवर चिकटून मेलेली पाल हीही सफाईच्या वेळी सापडते. सर्किटवरचे काही असेल तर ते मेकॅनिकलाच काढू द्यावे.

सगळे धुऊन झाल्यावर जाळ्या पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नयेत. प्लॅस्टिकची पिशवी काढून, सर्किटच्या बाजूला ओल नाही हे पाहून, निदान तासाभराने एमसीबी वर करावा आणि एसी अर्धा-पाऊण तास नुसत्या फॅनवर चालवावा. मे महिन्यात एवढ्यात आतले सगळे सुकते. जुलैत याच्या दुप्पट वेळ लागतो. एरवीही पावसाळी दिवसांत एसी बंद करण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे फॅनवर ठेवला तर कॉइल कोरडी होते आणि बुरशीला ओल मिळत नाही. नव्या एसींतले ऑटो क्लीन बटण बहुधा हेच करते, म्हणजे आतला भाग सुकवते. बसलेली माती ते धूत नाही.

बाहेरचे युनिट गच्चीवर किंवा जमिनीवर असेल तरच घरी साफ करावे. खिडकीबाहेर लोखंडी ब्रॅकेटवर लटकत असेल तर त्यासाठी वाकून बाहेर जाण्याइतके ते काम मोलाचे नाही. वीज तोडल्यावर आजूबाजूचा पालापाचोळा, पारव्यांची काटक्यांची घरटी काढावीत आणि मागच्या पट्ट्यांवर नळाची साधी धार वरून खाली सोडावी. बाहेर ४० अंश असताना खोलीतली उष्णता त्या हवेत टाकायची तर बाहेरची कॉइल त्याहून बरीच तापावी लागते. तिच्यावर राखेचा थर असेल तर कॉम्प्रेसरला दाब आणखी वाढवावा लागतो. मीटर त्याचीच किंमत दाखवतो.

सफाईने न सुटणारे प्रश्न ओळखता आले पाहिजेत. गॅस बंद नळ्यांत फिरत असतो, तो वापराने संपत नाही. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती बुजवल्याखेरीज भरणे व्यर्थ आहे. कॉइलवर बर्फ धरला तर लगेच गॅसचे नाव घेऊ नये. तुंबलेल्या जाळीमुळे हवा कमी झाली तरी बर्फ धरतो. जाळी आणि कॉइल स्वच्छ करूनही बर्फ येत राहिला, नळ्यांच्या जोडावर तेलकट डाग दिसला, जळका वास आला किंवा एमसीबी वारंवार पडू लागला तर एसी बंद करून मेकॅनिकला बोलवावे. नव्या एसींतला आर-३२ गॅस सौम्य ज्वालाग्राही आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन चांगलाच ज्वालाग्राही असतो. कोणता आहे ते युनिटवरच्या पट्टीवर छापलेले असते.

वर्षाचा क्रम मग असा बसतो. गाळप हंगाम ओसरत आला की फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेरच्या युनिटसकट पहिली सफाई, उन्हाळाभर जाळ्या, मेअखेरीस कॉइल, ट्रे आणि पाइप. ऑक्टोबरचा उकाडा संपला की शेवटची धुलाई करून एसी पूर्ण सुकवावा, एमसीबी पाडावा, पाइपाच्या तोंडाची जाळी तपासावी आणि आतल्या पेटीवर सुती कापड टाकावे. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. रिमोटमधले सेल काढून ठेवावेत, कारण थंडीचे तीन-चार महिने ते आत राहिले की झिरपतात आणि रिमोटचे पत्रे गंजवतात.